प्रत्येक घराला एक नको

लाँड्रीवाल्या बाईंची बेबी तिशी ओलांडून गेली होती, तरी गावात तिला अहोजाहो करणारं कुणी नव्हतं. अंगापिंडाने थोराड, बाईंपेक्षा वीतभर उंच, पण मनाने सहा-सात वर्षांवर येऊन थांबलेली. बाईंचं त्यावर रडून झालं होतं, डॉक्टर करून झाले होते आणि नवरा त्या भानगडीत कधीच निघून गेला होता. आता बाईंजवळ उरला होता तो राग, आणि तो त्या रोज वापरून लख्ख ठेवत. रस्त्यात बेबीकडे कुणी गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं की बाई गरम इस्त्री तशीच हातात घेऊन दुकानाच्या दारात यायच्या आणि विचारायच्या, "काय, ओळख लागतेय का?" माणूस आपोआप चालायला लागायचा.

बेबीला वाचता येत होतं. हे बाईंचं कर्तृत्व. शाळेने हात टेकले तेव्हा बाईंनी तिला इस्त्रीच्या टेबलाशी बसवलं आणि कपड्यांच्या आत शिवलेल्या पट्ट्यांवरून अक्षरं लावायला शिकवलं. 'थंड पाण्यात धुवा', 'पिळू नये', 'उलट बाजूने इस्त्री करा' हे बेबीचं पहिलं पुस्तक. लोक म्हणायचे, कशाला जिवाचा आटापिटा करता, काय कलेक्टर होणार आहे का ती? बाई म्हणायच्या, "तुमची झालीत तेवढी पुरे आहेत."

पण त्यातून एक वेगळंच खूळ निघालं. बेबी पट्ट्यांवरून गावातल्या पाट्यांवर आली आणि पाटीवर असेल ते पाळायला लागली. दारावर 'ढकला' लिहिलं असेल तर ढकलणार. दार बिघडून ओढावं लागत असलं तरी मागे रांग लागेपर्यंत ढकलतच राहणार. दातांच्या दवाखान्यात 'शांतता राखा' वाचून तिने ओठांवर बोट ठेवून खुद्द डॉक्टरीणबाईंना 'शूऽऽ' केलं होतं. चौकात एक गाडी नसली तरी हिरवा दिवा लागेपर्यंत तिचं पाऊल हलायचं नाही, आणि तिच्यासोबत असेल त्याचंही हलू द्यायची नाही. "लिहिलंय," एवढंच म्हणायची. बाईंनी कितीदा समजावलं, अगं, लिहिलेलं सगळंच खरं नसतं. त्यावर ती बाईंकडे अशी बघायची, जणू आई खोटं बोलताना सापडली.

बेबीच्या दिवसाची किल्ली होती झोपाळा. दुकानासमोर रस्ता ओलांडला की उद्यान. तिथे सकाळी, बाई गेस्टहाऊसच्या चादरी उतरवून घेऊन बॉयलर तापवायच्या तेवढ्या वेळात, बेबी झोपाळ्यावर बसायची. उंच नाही, वेगात नाही, पाय जमिनीला घासत एका लयीत. मग येऊन टॉवेलांच्या घड्या घालायला बसायची ती संध्याकाळपर्यंत शांत. घडीला घडी अशी जुळायची की गेस्टहाऊसवाला बोट दाखवायला जागा शोधत राहायचा. पण ताप आला, पाऊस लागला आणि झोपाळा चुकला की दुपारपर्यंत तिचं स्वतःचं मनगट तिच्या दातांत असायचं. शेजारीच औषधांचं दुकान होतं आणि त्यात या दुखण्यावर काही नव्हतं. जे होतं ते समोर दोन साखळ्यांना लटकलेलं होतं.

शेजारच्या त्या मेडिकलवाल्या वहिनी. त्यांच्यात आणि बाईंच्यात विस्तव जात नव्हता. निमित्त म्हणाल तर वाफ. लाँड्रीची वाफ भिंतीतून येते आणि आमच्या गोळ्यांची खोकी सर्द होतात, असं वहिनींचं म्हणणं. खोकी विकली गेली असती तर सर्द व्हायला राहिली नसती, असं बाईंचं. त्या दोघी एकमेकींशी बोलत नसत, गिऱ्हाइकांमार्फत बोलत. "शेजारी सांगा, वाफेची नळी वर घ्या म्हणावं." "सांगा त्यांना, नाक खाली घ्या." बिचारं गिऱ्हाईक शर्ट आणि खोकल्याचं औषध हातात धरून मध्ये उभं.

अशा या गावाला नगरपालिकेने विचारलं, की उद्यान सुधारायचं आहे, रहिवाशांची मतं कळवा.

मतं! या गावात माणशी दीड मत होतं. पूर्वी हात वर करून मोजायचे, तेव्हा एकदा खांबावरच्या दिव्याच्या वादात खुर्च्या उडाल्या होत्या. तेव्हापासून निवृत्त हेडमास्तरांनी नवी पद्धत घालून दिली. त्यांचं म्हणणं, या गावाला काय हवंय हे विचारण्यात अर्थ नाही, काय नकोय ते विचारा. ज्याला जे हवं ते शाळेच्या हॉलमधल्या फळ्यावर लिहायचं. मग सभेत प्रत्येक घराने एकदा उठायचं आणि फळ्यावरचं कुठलंही एक खोडायचं. कारण सांगायचं नाही, कुणी विचारायचं नाही. एकदा खोडलं की मेलं. शेवटी जे उरेल ते गावाचं मत, आणि वर्षभर त्यात बदल नाही. प्रत्येक घराला एक नको.

लोकांना ही पद्धत मनापासून आवडली. आपल्याला हवं ते मिळेल याची खात्री नव्हती, पण दुसऱ्याला हवं ते मिळणार नाही याची सोय होती.

सभेच्या दिवशी सकाळी बाई शाळेचे पडदे पोचवायला गेल्या तेव्हाच त्यांनी फळा वाचला. त्यांची स्वतःची ओळ होती: 'झोपाळ्याची फळी तडकली आहे. रुंद आणि मजबूत बसवावी.' वर-खाली बाकीच्यांच्या ओळी. कुणाला कारंजं हवं होतं, कुणाला कुत्र्यांसाठी वेगळा कोपरा, कुणाला चालायला फरसबंदी वाट, कुणाला पत्ते खेळायला छप्पर. आणि उजवीकडे, ठसठशीत अक्षरात: 'झोपाळे फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी. तसा फलक लावावा.'

बाईंच्या हातातला पडदा खाली घसरला. अक्षर कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. अर्ध्या गावाने गाडी चालवणं ज्याच्याकडून शिकलं, तो क्लचकाका. शिकवताना "क्लच! क्लच!" असा ओरडायचा की नाव तेच पडलं. त्याच्या जुळ्या नातवंडांना सकाळी झोपाळ्यासाठी थांबावं लागायचं, हे बाईंना माहीत होतं. नुसतं माणसांनी हटकलं असतं तर बाईंनी एकेकाला धुऊन, पिळून वाळत घातलं असतं. पण फलक! फलक लागला की त्यांचं काहीच चालणार नव्हतं. बेबी तो वाचणार आणि स्वतःहून उतरणार.

तेव्हाच बाईंनी ठरवलं, आपला नको या ओळीवर. बाकी गाव गेलं खड्ड्यात.

संध्याकाळी बेबीला मावशीकडे सोडून त्या हॉलवर गेल्या. दारातच क्लचकाका भेटला. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "नातवंडांना दहा मिनिटं थांबता येत नाही म्हणून माझ्या पोरीच्या बुडाखालची फळी काढताय?"

"मी कुणाचं नाव घेतलंय का?" क्लचकाका म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा. उद्या आणखी कुणी मोठा येऊन बसेल, साखळी तुटेल, मग?"

"आणखी कुणी मोठं बसतं का गावात?"

"म्हणूनच म्हणतो, नियम सगळ्यांना सारखा."

"तुमच्या सारखेपणाला आग लागो," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

हेडमास्तरांनी फळ्यावरच्या सगळ्या ओळी खणखणीत आवाजात वाचून दाखवल्या. झोपाळ्यांच्या ओळीपाशी आले तेव्हा हॉलमधल्या अर्ध्या लोकांना आपापल्या चपला बघाव्याशा वाटल्या. मग घरं रस्त्याच्या क्रमाने उठायला लागली.

पहिल्यापासूनच रंग भरला. कोपऱ्यावरच्या घराने कारंजं मारलं, कारण ते पलीकडच्या कोपऱ्याने मागितलं होतं. पलीकडच्या कोपऱ्याने छप्पर मारलं. खडू फळ्यावर करकरायचा तेव्हा हॉलमध्ये कुठेतरी कुणीतरी दातओठ खायचं आणि दुसरीकडे कुणीतरी समाधानाने मांडी बदलायचं. बाई मनातल्या मनात आपली पाळी मोजत होत्या. लाँड्रीच्या आधी मेडिकल.

वहिनी उठल्या. गुडघ्यांनी बेजार, दर पावलाला खुर्चीच्या पाठीचा आधार घेत फळ्याशी पोचल्या. खडू उचलला. फळाभर नजर फिरवली आणि 'झोपाळ्याची फळी तडकली आहे' या ओळीवर, 'झोपाळ्याची'पासून 'बसवावी'पर्यंत, एक सरळ रेघ ओढली. परत येताना त्यांनी बाईंकडे बघितलं नाही. न बघण्यातसुद्धा एक बघणं असतं, ते बघून आल्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्या उठल्या तेव्हा, खरं सांगायचं तर, उजवीकडच्या ओळीकडेच निघाल्या होत्या. पण डावीकडे, अगदी डोळ्यांसमोर, मेडिकलवाल्यांची ओळ होती: 'झोपाळ्यासमोर सावलीत एक बाक असावा.' बाक! म्हणजे बाईसाहेबांना तिथे पाय पसरून बसायचं होतं, माझ्या पोरीचा तमाशा बघत. फळी तडकलेलीच राहू दे आणि बघायला मात्र बाक! बाईंच्या हातात खडू होता, आणि मागे सगळा हॉल बघत होता, आणि त्यात वहिनीही.

एक क्षणभर त्यांना वाटलं, नको, आपण ज्यासाठी आलोय ते करावं. पण लगेच दुसरा विचार आला. अजून अर्ध्याहून जास्त घरं राहिलीत. बेबीला रोज सकाळी बिस्किट देणारा बेकरीवाला आहे. बेबी जिला तिच्याच दवाखान्यात गप्प करते आणि जी त्यावर खो खो हसते, ती दातांची डॉक्टरीण आहे. खुद्द हेडमास्तर आहेत, ज्यांचं धोतरापासून उशीपर्यंत सगळं बेबीच्या घडीतून जातं. एवढ्या मोठ्या गावात एकाला तरी लाज असेल. तो मारील ती ओळ. मग माझा नको दुसरीकडे वापरायला मी मोकळी आहे.

आणि त्यांनी बाकावर रेघ ओढली. इतकी दाबून, की खडू मोडला.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. बाई ताठ मानेने जागेवर येऊन बसल्या. वहिनींचा चेहरा पडला होता, आणि बाईंना तो बघून जे सुख झालं ते खोटं नव्हतं. तेवढा वेळ तरी त्या पोरीला विसरल्या.

पुढचं घर बेकरीचं. बाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली, उजवीकडे, अगदी स्पष्ट. बेकरीवाल्यानेही मान हलवली. उठला, गेला, आणि कुत्र्यांचा कोपरा मारून आला. डॉक्टरीणबाईंचं कुत्रं त्याच्या पायरीवर पाय वर करायचं, ते त्याला कधीपासून खुपत होतं.

मग डॉक्टरीणबाई उठल्या. कोपरा गेला म्हणून त्यांचं नाक लाल झालं होतं. त्यांनी बेकरीवाल्याची फरसबंदी वाट मारली.

बाई खुर्चीच्या कडेवर आल्या. एकामागून एक घर उठत होतं, फळा पांढऱ्या रेघांनी भरत होता, आणि उजवीकडची ती ओळ धुतल्या तांदळासारखी तशीच. ती कुणाच्या मार्गात येत नव्हती, हीच तिची ताकद. तिच्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं, एका बेबीखेरीज. आणि बेबीचं घर तर उठून बसलंही होतं. शेवटी शेवटी बाई प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायला लागल्या. लोक त्यांच्या नजरेला नजर न देता फळ्याशी जायचे, आणि तिथे पोचल्यावर प्रत्येकाला आपापला शत्रू दिसायचा.

शेवटचं घर उठून बसलं तेव्हा फळ्यावर तीन ओळी शिल्लक होत्या. कचऱ्याचे डबे. कुंपणाला रंग. आणि झोपाळे फक्त बारा वर्षांखालील मुलांसाठी.

"थांबा," बाई उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमचा नको राहिलाय."

"मी सभा चालवतो," हेडमास्तर म्हणाले. "मी खोडत नाही. पद्धत आहे तशी."

"पद्धत तुम्हीच काढलीत ना? मग एकदा मोडा. माझी पोर तुमच्या डोळ्यांसमोर वाढली."

"बाई, तुम्हाला नको होता ना. तुम्हाला खडू दिला होता." हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हीच बाक खोडलात."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मग एकेक जण पुढे येऊन हळहळायला लागला. बेकरीवाला म्हणाला, अहो, मी खोडणारच होतो, पण म्हटलं तुम्ही खोडाल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझा नको संपला हो, नाहीतर एका सेकंदात. कोपऱ्यावरचे म्हणाले, आमचाही संपला. प्रत्येकाला फार वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटायला आता काही खर्च येत नव्हता. बाईंना एकेकाचं तोंड इस्त्रीखाली घ्यावंसं वाटलं.

"संपला म्हणे!" त्या ओरडल्या. "एकमेकांच्या उरावर बसायला पुरला, आणि माझ्या पोरीपाशी येऊन संपला? कुत्र्यावर घालवलात, दगडावर घालवलात! शेजाऱ्याला अपशकुन व्हावा म्हणून आपलं नाक कापणारी जात तुमची!"

"आणि तुमची?"

हे वहिनींनी विचारलं. मध्ये गिऱ्हाईक नव्हतं. कित्येक वर्षांत त्या पहिल्यांदाच बाईंशी थेट बोलत होत्या.

"मला वाटलं तो फलक तुम्ही खोडणार," वहिनी म्हणाल्या. "कुणालाही वाटेल. आई आहात. म्हणून मी माझा नको तुमच्या फळीवर घातला, मोकळ्या मनाने. तुम्ही पोरीला टाकून माझ्या बाकामागे लागाल हे मला कसं कळणार?"

"तमाशा बघायला हवा होता बाक!"

"गुडघे दुखतात म्हणून हवा होता. तुमच्या पोरीकडे बघायला मला फुकटचा वेळ नाही." वहिनींनी पर्स उचलली आणि खुर्च्यांच्या पाठी धरत धरत निघून गेल्या.

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं.

फलक लागायला वेळ लागला नाही. नगरपालिकेला तीनच कामं सांगितलेली, त्यात सगळ्यात सोपं हेच. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, झोपाळ्याच्या खांबाला चार स्क्रूंनी घट्ट. उद्यानात आधीच्या पाट्या होत्याच, 'थुंकू नये', 'फुले तोडू नयेत', आणि त्यांच्या खाली लोक थुंकत आणि फुलं तोडत. ही पाटीही तशीच गेली असती. पण हिला वाचणारं माणूस होतं.

त्या सकाळी बाई बॉयलर सोडून बेबीबरोबर गेल्या. बेबी झोपाळ्यावर बसली, मग तिला निळा पत्रा दिसला, आणि ती अक्षरं लावायला लागली. "झो-पा-ळे. फक्त. बा-रा..." बाई मध्येच म्हणाल्या, "ते दुसऱ्यांसाठी आहे, बेबी. तू बस." बेबीने ओळ शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. मग उतरली, झोपाळा हलू नये म्हणून साखळी धरून थांबवली, आणि बाजूला उभी राहिली.

"बस ना गं."

"लिहिलंय."

"चुकीचं लिहिलंय! त्या क्लचकाकाने लिहिलंय, मूर्ख माणूस आहे तो!"

"आई," बेबी समजुतीने म्हणाली, "मी बाराहून मोठी आहे ना."

पुढचे दिवस अख्ख्या रस्त्याला ऐकू आले. बेबीचं मनगट सोलून निघालं, बाईंनी त्यावर फडकी बांधली तर ती फडकी चावून फाटली. टॉवेलांच्या घड्या वाकड्या व्हायला लागल्या, आणि वाकडी घडी दिसली की बेबी ती विस्कटून रडायची. मोठ्या बाईचं ते रडणं, लहान मुलाच्या सुरात. मेडिकलच्या गिऱ्हाइकांना चिठ्ठीवरचं औषध ओरडून सांगावं लागायचं. वहिनी काहीही निरोप पाठवत नव्हत्या, वाफेचासुद्धा नाही. बाई दिवसभर इस्त्री फिरवायच्या आणि मनात एकच ओळ फिरायची: माझ्या हातात खडू होता. बाकीच्यांना शिव्या घालून झाल्या की शिव्या उरायच्या, आणि त्या घालायला समोर आरशातली बाई तेवढी असायची.

शेवटी एका सकाळी क्लचकाका स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. लाज वाटली म्हणून आला की कान किटले म्हणून, हे सांगणं कठीण. त्याच्यामागे बेकरीवाला, डॉक्टरीणबाई, आणि हेडमास्तरसुद्धा, पद्धत मोडताना माणूस जसा दिसतो तसे दिसत. वहिनी मात्र आपल्या दुकानाच्या पायरीवरून बघत होत्या.

"बोलवा हो तिला," क्लचकाका बाईंना म्हणाला. "तिच्यासमोरच काढतो."

बाईंनी बेबीला आणलं. चारही स्क्रू निघाले, पत्रा निघाला. क्लचकाकाने तो पालथा करून खांबाला टेकवून ठेवला आणि झोपाळ्याची फळी हाताने पुसली. "हं, बस बेबी. काही नियम नाही आता."

बेबीने रिकाम्या खांबाकडे बघितलं. चार भोकं दिसत होती.

"लिहिलं होतं," ती म्हणाली.

"पण काढलं ना, बाळ."

"काढलं. पण लिहिलं होतं."

बेकरीवाल्याने बिस्किट पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः झोपाळ्यावर बसून दाखवलं, बघ, मीसुद्धा बसले, मी किती मोठी आहे! बेबीने त्यांना दंडाला धरून उठवलं. हेडमास्तर वर्गातल्यासारखा आवाज लावून म्हणाले, मी सांगतो, बसायला परवानगी आहे. बेबी त्यांच्याकडे पाहून नाही नाही करत राहिली. गावातली शहाणी माणसं तिच्याभोवती गोळा होऊन विनवण्या करत होती आणि तिला त्यांची कीव येत होती, कारण त्यांना इतकं साधं वाचता येत नव्हतं.

क्लचकाका घामाघूम झाला. "बाई, तुम्ही सांगा. तुमचं ऐकेल."

नियम कधी खोडायचा असतो आणि कधी हात आवरायचा असतो, हे बाई पोरीला कुठल्या तोंडाने सांगणार? त्या नुसत्या तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. बेबीने त्यांचा हात धरला. मनगटावरची फडकी बाईंच्या तळव्याला ओली लागली.

"आई, मी मोठी झाले."

"हो गं, झालीस."

"मग मोठी माणसं इथे कुठे बसतात?"

बेबी उद्यानभर बघत होती. झोपाळ्यासमोर झाडाची सावली पडली होती आणि त्या सावलीत काही नव्हतं. बाईंनी नजर उचलली तेव्हा रस्त्यापलीकडून वहिनी त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि या वेळी त्या नजर फिरवत नव्हत्या.

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "चल घरी."